वासाचा विषय

४ जुलै

मॅडमनी आज वर्गात सांगून टाकलं, ऑगस्ट संपायच्या आत प्रत्येकाने प्रोजेक्टचा विषय आणायचा. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, प्राणिशास्त्र, आणि शेवटच्या सेमिस्टरला दुसरं काहीच नाही. "बिंदुसरा नदीतले मासे मोजून झाले," प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, "आता ते मासे आपल्याला ओळखायला लागलेत. यंदा कुणीतरी मेंदूकडे बघा."

मी मेंदूकडे बघणार हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. पण मेंदूतलं काय? होस्टेलवर आल्यावर खोलीतल्या धनश्रीला विचारलं. तिने विषय कधीच ठरवलाय: मुलींची झोप आणि मोबाईल. "प्रश्न विचारायचे, टक्केवारी काढायची, संपलं. तू उगीच डोक्याला ताप करून घेऊ नकोस, ज्योत्स्ना."

मला टक्केवारी नको आहे. काय हवंय ते मात्र सांगता येत नाही. म्हणून ही वही काढली.

१३ जुलै, वडवणी

शनिवारी घरी आले की माझं पहिलं काम पिशवी ठेवायचं नसतं, हुंगायचं असतं. आई वाट्या मांडूनच बसलेली असते. भाजलेले धने, खोबरं, तीळ, दगडफूल. मी एकेक वाटी नाकाशी नेते आणि आई वाटीकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघते.

"झालं का?"

"धने अजून थोडे."

"खोबरं करपलं न्हाई ना?"

"नाही."

मग ती वत्सलाबाईंना हाक मारते, त्या भट्टीवर धने पुन्हा परततात, आणि आमचं कांडप सुरू होतं.

आमची मसाल्याची गिरणी आहे आणि ती चालवणाऱ्या बाईला वास येत नाही. आई, मी आणि वत्सलाबाई सोडून हे कुणाला माहीत नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आई-बाबा एकाच आठवड्यात बीडला भरती झाले. आई परत आली. बाबा आले नाहीत. लोकांचे वास महिन्याभरात परतले, आईचा तीन वर्षं झाली तरी नाही.

बाबा, भारत त्यांचं नाव, आधी सिरसाळ्याच्या आडतीवर हमाल होते. पोतं न उघडता नुसत्या वासावरून मिरची कोणती ते सांगायचे. मग त्यांनी हे मशीन घेतलं. सुरुवातीला गावातली काही घरं आमच्या दारात मसाला घेऊन यायची नाहीत. का, ते तोंडाने कुणी बोलायचं नाही. बाबांचा काळा मसाला शेजाऱ्यांच्या कालवणातून त्यांच्या घरापर्यंत गेला, तेव्हा यायला लागली. म्हणून आई नाकाचं कुणाला सांगत नाही. "त्येंला निमित्तच पायजे," म्हणते.

२५ जुलै

आज लॅबमध्ये झुरळाच्या पायाचा आवाज ऐकला! झुरळ बर्फाच्या पाण्यात गार केलं, पाय वेगळा केला, दोन टाचण्या टोचून तारा जोडल्या आणि लहानशा स्पीकरला लावल्या. पायावरच्या एका केसाला काडीने स्पर्श केला की स्पीकरमधून चर्र असा आवाज. काडी काढली की गप्प. अंगापासून तुटलेला पाय, तरी कुणी हात लावला हे सांगतच होता. कुणाला सांगत होता, कुणास ठाऊक.

धनश्रीने तोंड फिरवलं. मी मात्र लॅब बंद होईपर्यंत तिथेच होते.

निघताना मॅडमनी थांबवलं. पुण्याच्या एका संस्थेत जानेवारीपासून चार महिने एका विद्यार्थ्याला जागा आहे. उंदराच्या मेंदूत पुढच्या बाजूला घ्राणकंद नावाचा भाग असतो, वासाच्या सगळ्या बातम्या आधी तिथे पोचतात. त्यातल्या नव्या पेशी रंगवून मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. "मी तुझं नाव देणार आहे. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हो की नाही सांग."

मला आनंदाने पळत सुटावंसं वाटलं. आईला फोन केला आणि पावसाबद्दल बोलले.

३ ऑगस्ट, वडवणी

मी पोचले तेव्हा बंकटकाका ओट्यावर बसले होते. त्यांचा मांजरसुंब्याला धाबा आहे, बाबांपासूनचं गिऱ्हाईक. शेजारी आमच्याच मसाल्याची पिशवी.

"वहिनी, रागावू नका, पन खोबरं खवट हुतं का ह्यात? गिऱ्हाईकानं ताट सरकवलं. ड्रायव्हर मानसं हायत ती, तोंडावर बोलत्यात."

आई म्हणाली, "पोत्यातच खराब निघालं आसंल. बदलून देते."

"बदलून द्या, पन आसं भारतदादाच्या वक्ताला कदी झालं न्हाई."

ते चहा न घेता गेले. मी पिशवीत नाक घातलं. लांबूनही कळेल इतका खवट वास होता. मागच्या शनिवारी परीक्षेमुळे मी आले नव्हते.

आईने पिशवी परसात रिकामी केली, वरून माती लोटली. हात धुवून आली आणि म्हणाली, "जेवून घे."

८ ऑगस्ट

ग्रंथालयात बसून वाचलं. नाकाच्या अगदी वर, टिकलीएवढ्या जागेत वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. मेंदूतल्या बहुतेक पेशी गेल्या की गेल्या. या मात्र जन्मभर मरतात आणि नव्याने उगवतात, आणि प्रत्येक नवी पेशी आपला धागा हाडाच्या चाळणीतून वर पाठवते, घ्राणकंदात आपली जागा शोधत. वास गेलेल्यांना चार ठरलेले वास रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायला लावतात, महिनोन्‌महिने. हुंगताना तो वास मनात आठवायचा. काहींचा परत येतो.

'काहींचा' हा शब्द मी वाचलाच नाही असं केलं.

९ ऑगस्ट

मॅडमना म्हटलं, "विषय सापडला. माझी आई."

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "एका माणसावर प्रोजेक्ट होत नाही. वास गेलेली पंधरा-वीस माणसं आण, माणसांवरच्या प्रयोगांना लागते ती समितीची परवानगी आपण काढू. आणि त्यात आई नको."

"का?"

"कारण तुला उत्तर नकोय, ज्योत्स्ना. तुला आईचं नाक परत हवंय. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

राग आला. पंधरा माणसं कुठून आणू? वास गेलेला माणूस काय लंगडत चालतो, की दिसावा?

१७ ऑगस्ट, वडवणी

प्रोजेक्ट नाही तर नाही, घरी तर करता येईल. औषधाच्या रिकाम्या बाटल्या उकळून घेतल्या. उंच बाटलीत लवंग, बुटक्या रुंद बाटलीत लिंबाची साल, खरबरीत काचेच्या बाटलीत निलगिरी, आणि चपट्या डबीत सुकलेल्या गुलाबपाकळ्या.

"ह्यानं काय हुईल?" आई.

"आत नवे धागे फुटतील."

"शेवग्याला फुटत्यात तसे?"

"तसंच समज. फक्त हुंगताना तो वास आठवायचा."

"आठवायचं व्हय. त्येचंच तर काम करायले मी तीन सालापासून."

सगळं आवरल्यावर ती आतून बाबांचा मफलर घेऊन आली. करड्या रंगाचा, लोखंडी पेटीत ठेवलेला. "ह्याला येतो का अजून?"

मी तोंड खुपसून हुंगलं. डांबरगोळ्यांचा भपकारा आला. बाकी काही नाही.

"येतो," मी म्हटलं.

"कसा?"

"मिरचीचा. आणि त्या लाल साबणाचा."

आईने मान हलवली, मफलरची नीट घडी घातली आणि आत गेली. खरं सांगितलं असतं तर कुणाचं भलं झालं असतं?

३० ऑगस्ट

विषयाला पंधरा दिवसांची मुदत वाढवून मिळाली. आज फोनवर आईला पुण्याचं सांगून टाकलं.

"उंदराच्या नाकापायी पुण्याला?" ती हसली. "किती दिस?"

"चार महिने. निम्मा सीझन निघून जाईल." मिरची-मसाल्याचा आमचा सीझन मार्चपासून. त्या दिवसांत वाट्या हुंगायला शनिवार पुरत नाही, मी सुट्टी टाकून घरी असते.

"जायचं हाय का तुला?"

"ठरवलं नाही. इथंच राहून झोपेचा विषय घ्यावा म्हणते."

"झोपंचा काय आब्यास करायचा," आई म्हणाली, आणि भट्टी पेटलीय म्हणून फोन ठेवला.

खरं तर रोज संध्याकाळी त्या संस्थेच्या पानावरचं एक चित्र काढून बघते. काळ्या रंगावर हिरवे चमकणारे धागे, रात्री विमानातून गाव दिसत असेल तसे. चार महिने ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

१ सप्टेंबर

लवंग आली!

आईचाच फोन. "माय, आज लवंग आली. आदी यायची तशीच, कडक." वत्सलाबाईंनी फोन हिसकावला, "डोळं झाकून वळकली गं!" धनश्रीला मिठी मारली. ती झोपेची प्रश्नावली लिहीत होती, तिच्या कागदांवर पाणी सांडलं.

८ सप्टेंबर

लिंबूही. निलगिरीही. पुस्तकात म्हटलंय त्यापेक्षा कितीतरी लवकर. बहुतेक रोजच्या मसाल्यामुळे आईच्या पेशी आधीच तयार असाव्यात. यावर कुणी लिहिलंय का ते शोधायला हवं.

फोन ठेवताना आई म्हणाली, "पुण्याला कळीवलंस का?"

११ सप्टेंबर

गुलाबही आला. मॅडमना सांगायला पळत गेले.

"डोळे बांधले होते?"

"हो."

"आणि हात?"

"हात कशाला बांधायचे?"

"बाटल्या सगळ्या सारख्या आहेत का?"

"मॅडम, ती माझी आई आहे. परीक्षेला बसलेली मुलगी नाही."

"म्हणूनच विचारते," त्या म्हणाल्या आणि कपाटात काहीतरी शोधायला लागल्या.

काही माणसांना चांगली बातमी सोसतच नाही. दुपारीच पुण्याला 'हो' म्हणून मेल केला.

२१ सप्टेंबर, वडवणी

आई खुशीत आहे. पुण्याला स्वेटर लागेल का, जेवण कसं असेल, तिथल्या पोरी कशा असतील. मध्येच आत दूध उतू गेलं, जळाल्याचा वास गिरणीपर्यंत आला. आई चुलीपासून चार हातांवर पाठ करून लसूण सोलत होती. मीच पळाले.

"ध्यान नव्हतं," ती म्हणाली. तिला सर्दीही झालीय. सर्दीत कुणालाच वास येत नाही.

१३ ऑक्टोबर, वडवणी

अशोक विजयादशमी म्हणून मी काल घरी आले. येताना मॅडमनी चाचणीचा खोका दिला होता. एकसारख्या बाटल्या, काळ्या टेपने गुंडाळलेल्या, त्यातल्या दोन रिकाम्या. "पुण्याला जायच्या आधी चाचणी घ्यायला शीक," म्हणाल्या. मला वाटलं, बरं झालं, आईचेच निकाल त्यांच्या टेबलावर ठेवते.

वंदना झाली, जेवणं झाली, दुपारी आईला ओट्यावर बसवलं. डोळ्यांवर ओढणी बांधली. पहिली बाटली हातात दिली. आईची बोटं काचेवरून फिरली. बुडाशी गेली, झाकणाशी आली, पुन्हा बुडाशी गेली. मग थांबली. तिने बाटली नाकाशी नेली.

"लवंग."

ती रिकामी होती.

मी दुसरी दिली. तिच्यात लवंग होती. पुन्हा बोटं फिरली.

"लिंबू."

तिसरी तिने घेतलीच नाही. ओढणी वर सरकवली. "पुरं झालं, माय."

मला आधी काही कळलंच नाही. मग औषधाच्या बाटल्या आठवल्या. उंच, बुटकी, खरबरीत, चपटी.

"कावून केलंस गं आई?" होस्टेलवर गेल्यापासून मी असं बोलत नाही, पण तेच तोंडात आलं.

"तू ऱ्हायली असतीस हितं."

"राहिले असते मग. काय बिघडलं असतं?"

"तेच नको हुतं मला. तुझ्या बाबाच्या माघारी हे मशीन चालू ठिवलं, ते काय तू हितं वाट्या हुंगत बसावीस म्हनून?"

"अगं पण खोटं बोललीस. मी 'हो' कळवलं, मॅडमना काय काय सांगितलं..."

"तू बी बोललीस की. मफलराला वास येतो म्हनलीस. त्या पेटीत डांबरगोळ्या कोन टाकतं? मीच ना?"

वत्सलाबाई दारात उभ्या होत्या. "मी म्हनलं हुतं वनमालाबाईला," त्या आईकडे हात करून म्हणाल्या, "पोरगी शास्तर शिकायली, धरील तुमाला बगा."

आईला हसू आलं. मला नाही आलं.

१६ ऑक्टोबर

मॅडमना खरं सांगितलं. त्या 'बघ, मी म्हटलं होतं' असं म्हणाल्या नाहीत. चहा मागवला. "पुणं तुझंच आहे," म्हणाल्या. "आईसाठी सोडू नकोस आणि आईवर रागावून जाऊही नकोस."

जायचं आहे. खूप जायचं आहे. पण शनिवारी वाट्यांकडे कोण बघणार, हा विचार आला की ते हिरवे धागे नुसते धागे दिसतात.

२६ ऑक्टोबर, वडवणी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दिवाळी तोंडावर, बाजारचा दिवस, गिरणीसमोर बायकांची रांग. एक बाई पुढच्या डब्यातला मसाला हुंगून म्हणाली, "आवं वनमालाबाई, हे खोबरं बगा बरं, बरं हाय का?" मी घरातून येतच होते. नेहमी आई म्हणते, ज्योत्स्ना बघ गं जरा, मला सर्दी झालीय.

आज ती मशीन बंद करून उभी राहिली. कांडप थांबलं की आमच्याकडे एकदम शांत होतं.

"मला कळत न्हाई," आई म्हणाली. "करोनापासून माजं नाक गेलंय. तीन साल झालं. आतापर्यंत पोरगी हुंगायची, आता ती जाईल पुन्याला. आजपासून ज्येनं त्येनं आपलं भाजलेलं आपून हुंगायचं आन् मगच मशिनीत टाकायचं. चालत आसंल तर थांबा."

दोघी-तिघींनी आपापले डबे उचलले. एकीने जाताना काहीतरी पुटपुटलं, ते आईने ऐकलं असणार. बाकीच्या थांबल्या. आईने मशीन सुरू केलं.

सगळ्या गेल्यावर एक बाई मागे राहिल्या. सत्यभामाबाई, शाळेमागे राहतात. पिशवीचे बंद उगीच बांधत-सोडत होत्या.

"वनमालाबाई, मला बी येत न्हाई तवापासून. घरी सांगितलं तर म्हनतेत, वासाचं काय एवढं, हात-पाय तर धड हायत. नातू झालाय आता. रोज त्येची टाळू हुंगते. काईच न्हाई."

आई मशीन पुसत होती. तिने फडकं ठेवलं आणि सत्यभामाबाईंना आत नेऊन बसवलं. दोघींनी चहा घेतला. चहाचा वास दोघींनाही येत नव्हता, तरी किती वेळ बसल्या होत्या.

९ नोव्हेंबर, वडवणी

दिवाळीच्या सुट्टीभर माणसं येतायत. कुणी सांगितलं, कसं पसरलं, माहीत नाही. घंटागाडीवरचा रामेश्वर आला. "समदे हसत्यात, म्हनत्यात तुला तर वरदानच मिळालं बे. पन ताई, घरी भाकर भाजतेत तवा मी चुलीपाशी जाऊन बसतो. उगी बसतो." एक मुलगी आली, तिचं लग्न ठरलंय, सासरी गॅस आहे आणि गळती झाली तर कळणार नाही अशी भीती. एक मास्तर आले, बायकोला सांगू नका म्हणाले.

मॅडमनी मागितली होती तेवढी माणसं झाली. मी शोधायला गेलेच नव्हते.

१२ नोव्हेंबर

पुण्याला नकाराचा मेल केला. चार ओळी लिहायला सकाळ गेली.

मॅडम म्हणाल्या, "मी सांगितलं म्हणून?"

"तुम्ही माणसं आणा म्हणालात. आली."

आईने फोनवर शिव्या द्यायच्या बाकी ठेवल्या. "एवढं नाटक केलं मी, समदं पान्यात घातलंस!" मग थोड्या वेळाने तिचाच फोन. "मला घेशील का गं त्येच्यात?"

"नाही. मॅडम म्हणतात आई नको."

"बरं हाय बाई तुजी मॅडम. पन मी हुंगणार हाय हां. कुनी मोजो न मोजो."

६ जानेवारी

धनश्री आज पुण्याला गेली. माझ्या जागी मॅडमनी तिचं नाव दिलं. झोपेचा विषय तिने सोडला. बसमध्ये बसताना म्हणाली, "तुझं आहे गं हे खरं तर." मी म्हटलं, नीट जा.

खोलीत आले. तिची खाट रिकामी. आज वाटलं, चूक केली.

१ फेब्रुवारी, वडवणी

समितीची परवानगी मिळाली तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ सगळी आपापल्या घरी हुंगतात, शनिवारी मी गिरणीत चाचणी घेते. सगळ्या बाटल्या सारख्या, काळी टेप, रिकाम्या धरून. कोणत्या बाटलीत काय, हे मलाही माहीत नसतं. मॅडम बीडहून बांधून पाठवतात.

बहुतेकांना काही येत नाही. मास्तर यायचे बंद झाले. रामेश्वरला मात्र पहिल्यांदा काहीतरी कळलं. गाडीजवळ उभा होता, एकदम नाक धरून पळाला. "ताई, हे परत घालवता येतंय का?" आम्ही सगळे हसलो, तो सगळ्यात जास्त.

सत्यभामाबाई दर वेळी पहिल्या येतात. अजून काही नाही. नातू मांडीवर असतो.

बंकटकाका आता स्वतः येतात, हुंगून मसाला नेतात. डबे उचलून गेलेली घरं मात्र परत आली नाहीत.

१९ फेब्रुवारी

धनश्रीने फोटो पाठवला. तिने स्वतः काढलेला. काळ्यावर हिरवे धागे. 'ही पेशी कालच जन्मलेली असेल बघ', खाली लिहिलंय.

फोटो मोठा करून कितीदा बघितला. मग तिला लिहिलं, छान आलाय.

८ मार्च, वडवणी

सीझन सुरू झाला. अंगणात मिरच्या वाळत पडल्यात, रस्त्यावरून जाणारा शिंकत जातो. मी सकाळी कुणाचीतरी चाचणी घेत होते आणि भट्टीकडून आईची आरोळी आली. भाजलं की काय म्हणून धावले.

आई पदर नाकाला लावून भिंतीपाशी उभी होती. कढईत धने होते, वत्सलाबाई परतत होत्या, छान खमंग वास सुटला होता.

"काय मेलंय हितं?" आई म्हणाली. "उंदीर मेलाय का? वत्सला, तुला येत न्हाई?"

"कशाचा वास? धने हायत की."

"धने न्हाईत ते! सडकं हाय कायतरी. लई घान. लई घान येयलीय गं माय!"

मी कढई बाजूला न्यायला लावली. "आता?"

"आता कमी झाली."

पुन्हा आणायला लावली. आईने तोंड फिरवलं. तिला ओकारी आली. पदरामागून माझ्याकडे बघत होती, डोळ्यांना धार लागलेली, आणि ती हसत होती.

मी तिथेच खाली बसले. हे मी वाचलेलं आहे. नवे धागे वर पोचतात पण चुकीच्या जागी शिरतात, मग चांगल्या वासाची घाण होते. काहींचं पुढे जुळतं, काहींचं नाही. पण पोचतात. मी आईकडे संशयाने बघायला हवं होतं, बाटल्या काढायला हव्या होत्या. त्याची गरज वाटली नाही. लवंग आली असं कुणीही म्हणेल. लेकीला पुण्याला धाडायचं म्हणून घाण येते असं कोण सांगेल?

"हे वाईट हाय का चांगलं?" तिने विचारलं.

"चांगलं असावं."

"मग आता खरा वास बी यील? हळूहळू?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, वाट्यांच्या वेळी बघते तशी. 'येईल' हा शब्द ओठापर्यंत आला होता.

"माहीत नाही, आई," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

बाहेर बायका डबे घेऊन थांबल्या होत्या. आईने पदर नाकावरून घट्ट बांधला, मागे गाठ मारली आणि वत्सलाबाईंच्या हातातलं उलथनं घेतलं.

"ठिव वर," ती म्हणाली. "घान तर घान. आन ती कढई जवळ."